फिलोमेनाने ठेवलेलं नाव

१२ ऑगस्ट १९५७, सोमवार. सोमवार हा आमच्या प्रसूतिगृहात हातमोज्यांचा दिवस. आताच्या नर्सना सांगितलं तर हसतील, पण तेव्हा रबरी मोजे एकदा वापरून टाकून देत नसत. आठवडाभराचे मोजे धुवायचे, प्रत्येकात पाणी भरून बोट न् बोट दाबून पाहायचं, चिळकांडी उडेल तिथे सायकलच्या ट्यूबला लावतात तसं ठिगळ लावायचं, वाळवून पावडर लावायची आणि वाफेच्या डब्यात टाकायचे. मागच्या व्हरांड्यात मी एक मोजा पाण्याने फुगवून उजेडात धरला होता, तेव्हा त्याच्या पलीकडे कुणीतरी उभं दिसलं. मोजा खाली घेतला. आनंदी परब.

ती पुढच्या दाराने आली नव्हती. भाजीवाल्या आणि धोबी येतात त्या फाटकातून आली होती. पोटाकडे बघूनच कळलं, नववा लागलाय.

"आनंदी, इतके महिने कुठे होतीस? नाव नोंदवलंस का?"

"नोंदवूक नाय इलंय, बाई. एक इचारूक इलंय." तिने मागे वळून पाहिलं. "माझ्या झिलाचा तुम्ही लोकांनी काय नाव ठेवलात?"

झील म्हणजे मुलगा. हा प्रश्न कळायला थोडं मागे जायला हवं.

आमचं प्रसूतिगृह भायखळ्याला, परदेशी जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, चालवलेलं. मी नायगावच्या चाळीतली, गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मुलगी. नर्सिंगचं शिक्षण मला याच बायकांनी दिलं. त्या काळात आमच्या समाजाच्या मुलीला हाताला धरून शिकवणारं दुसरं कुणी मला तरी भेटलं नाही. संपादकांनी मिशनच्या इस्पितळातले अनुभव लिहायला सांगितलं आहे. त्यांना बहुधा एक तर स्तुती हवी असावी किंवा पर्दाफाश. मला लोक विचारतात, "धर्म बदलायला सांगायचे का हो?" मला कुणी सांगितलं नाही. पण रोज सकाळी प्रार्थनेला उभं राहावं लागे, आणि प्रत्येक खाटेच्या डोक्याशी क्रूस असे. गिरगावातल्या एका वकिलांच्या सुनेचं बाळंतपण होतं तेव्हा सासूने आल्या आल्या त्या क्रूसावर टॉवेल टाकला. नंतर सुनेला ताप भरला. ताप चढल्यावर सासूबाईंनी स्वतः उठून टॉवेल काढला आणि मला म्हणाल्या, "असू दे तोही. आत्ता कुणाशी वाकडं नको." लोकांचा धर्म मी असाच पाहिला आहे, ताप किती आहे त्यावर ठरणारा.

पण त्या एक-दोन वर्षांत बाहेर हवा तापलेली होती. एकीकडे संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, सभा, लाठ्या. दुसरीकडे वर्तमानपत्रांत मिशनरी लोक सेवा करतात की शिकार, यावर रोज रकाने भरत होते. लालबागच्या एका सभेत कुणी वक्ता म्हणाला होता की मिशनच्या इस्पितळांत मरणाऱ्या पोरांच्या कपाळावर गुपचूप पाणी घालून त्यांना ख्रिस्ती करतात. हे अगदीच खोटं नव्हतं. कॅथलिकांत तसा नियमच आहे. बाळ मरणार असं दिसलं तर बाप्तिस्म्याला पाद्री लागत नाही, कुणीही तीन वेळा पाणी घालून ठरलेले शब्द म्हणावेत. शिकताना आम्हा सगळ्यांना ते शब्द पाठ करायला लावले होते. मी ते कधी वापरले नाहीत. आणि वाद सुरू झाल्यावर मदरनी, म्हणजे आमच्या मुख्य जोगिणीने, सक्त मनाई केली होती. आईबापांनी सांगितल्याशिवाय कुणीही पाण्याला हात लावायचा नाही.

आनंदीचं पहिलं बाळंतपण त्या मनाईनंतरचं, आदल्या पावसाळ्यातलं. बाळ अडलं. डॉक्टरांनी तिला क्लोरोफॉर्म देऊन ते चिमट्याने ओढून काढलं. मुलगा, निळा पडलेला. रडला नाही, कण्हत होता. छाती नीट न उघडलेलं बाळ प्रत्येक श्वासाला कण्हतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. या बाळाची तऱ्हा निराळी होती. एक लांब कण्हणं, मग अडखळल्यासारखं थांबणं, मग लगोलग दोन तोकडी. त्याच वेळी आनंदीची वार आत अडकली आणि रक्त वाहायला लागलं. अशा वेळी बाळ बाजूला ठेवून आईच्या मागे लागायचं असतं. बाळ मी आमच्या आया फिलोमेनाच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली. आनंदी शुद्धीवर आली तेव्हा मूल गेलेलं होतं. तिने ते जिवंत पाहिलं नाही, त्याचा आवाज ऐकला नाही. तिच्या सासूने ते कापडात गुंडाळून नेलं आणि पुरलं.

तर आता ती व्हरांड्यात उभी राहून नाव विचारत होती.

"कसलं नाव? बारसं व्हायच्या आधीच गेलं ते."

"तेच तर, बाई. बारसा नाय झाला तर झील परत त्याच पोटात येता. आमच्यात म्हणान तर मोठ्यान रडत नाय. वाट मोकळी ठेवतत. पण ह्यांनी सभेत ऐकलां. तुमच्याकडे पाणी घालतत, नाव ठेवतत." तिने आवाज खाली आणला. "तो येता. तिन्हीसांजेक दिवो लावलंय की दाराभायर येता. पण भितर येणा नाय. मी काय म्हणान हाक मारू त्येका? नाव दुसऱ्यांनी ठेवलेला."

आम्ही घरची मंडळी आदल्याच वर्षी दीक्षा घेऊन बौद्ध झालो होतो. देव आणि भुतं दोन्ही एकाच दिवशी सोडली होती. त्यामुळे मी जरा जोरातच म्हणाले, "आनंदी, पोटुशी बाई दमते, तिला काहीबाही ऐकू येतं. येतो म्हणजे काय, दिसतो?"

"दिसणा नाय. ऐकू येता." आणि तिने तो आवाज काढून दाखवला. एक लांब, मग अडखळणं, मग दोन तोकडे.

हातातला मोजा निसटून फरशीवर फुटला. त्या खोलीत तो आवाज ऐकणारे आम्ही तिघंच होतो. डॉक्टर नंतर मद्रासला गेले. मी कुणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखं त्यात होतंच काय?

मी फरशी पुसता पुसता कामाचं बोलले. "हे बघ, वार एकदा अडकली की पुन्हा अडकते. घरी सुईणीच्या हातात झालं तर तू वाचणार नाहीस. मी घाबरवत नाही, खरं ते सांगतेय."

"ठावक आसा."

"मग?"

"पोटातला हालता, बाई," ती अगदी शांतपणे म्हणाली. "पण त्येच्यात कोण नाय. जो यायचो तो भायर उभो आसा. नाव सांगा, त्येका घरात घेतंय, मगे तुम्ही म्हणशात तेव्हा येतंय. नायतर मी घराच्या भायर पडणंय नाय." आणि आली त्याच फाटकातून ती गेली.

मी मदरकडे गेले. मदर उंच, हाडकुळ्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आपल्याकडे असे घडत नाही. मी मनाई केली आहे."

"मला मनाई माहीत आहे, मदर. घडलं का ते विचारतेय."

"निर्मला, समज घडले. तू बाहेर जाऊन ते सांगशील, आणि उद्या पन्नास माणसे दगड घेऊन येतील. मग या बायकांनी जायचे कुठे?" मग त्या म्हणाल्या, "आणि त्यात वाईट तरी काय आहे? मरणाऱ्या लेकराला औषध देताना तू परवानगी मागतेस काय?"

"मागते. शस्त्रक्रियेला तर सहीसुद्धा घेतो."

"हे औषधापेक्षा मोठे आहे."

"मग जास्तच विचारायला हवं."

त्यावर त्या जे बोलल्या ते त्यांच्या मनात कित्येक महिने असणार. "तू इथे आठ वर्षे राहिलीस. ख्रिस्त तुझ्या हाताशी होता. तुला बदलायचेच होते, तर तू बुद्धाकडे गेलीस."

"तुमच्यावर राग म्हणून नाही गेले, मदर. आम्ही सगळे आपल्या पायांनी चालत गेलो. शुद्धीत होतो, कुणी पाणी घातलं नाही, एवढंच."

त्यांना ते लागलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. त्यांनी मला शिकवलं होतं आणि मी आपल्या मनाने बदलले होते. दोन्ही खरं होतं, आणि मदरना त्यातलं एकच पुरेसं वाटत होतं.

फिलोमेना कपड्यांच्या खोलीत लंगोटांच्या घड्या घालत होती. गिरगावात, खोताच्या वाडीत एका खोलीत राहायची. नवरा जहाजावर गेला तो परतला नाही. बाळांना तेल लावावं तर तिनेच. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं.

तिने हातातली घडी पुरी केली. "घातला पानी," ती म्हणाली. "मदरला सांगशील तर सांग."

"मदर गेल्या खड्ड्यात. नाव काय दिलंस?"

नाव विचारल्यावर मात्र ती खुर्चीवर बसली. "माझा एक पोर व्हता, निर्मलाबाय. तुला ठाव नाय. घरातच झाला, झाला न् गेला. पाद्री येवाच्या आधी. पानी नाय मिलाला. बाप्तिस्मा नाय तर सरगात जागा नाय, नरकात पन नाय. मधीच कुठंतरी. पवित्र जमिनीत पन घेतला नाय त्याला, भिंतीच्या भायेर पुरला. त्याच्यासाठी मी नाव ठरवून ठेवलेला. जुझे. कवा मोठ्यानं हाक नाय मारली. मारून येनार कुठनं? मंग त्या दिवशी तू तो पोर माझ्या हातात दिलास. तसाच निला. मी म्हटला, माझ्याला नाय मिलाला, निदान याला मिलंल. कोमट पानी घेतला आन् नाव तेच दिला. नाव तरी आत जाईल."

मी तिला आनंदीचं सांगितलं, दारातल्या आवाजाचंही. तिने क्रूसाची खूण केली. "नाव सांगतंय मी. पन तिला सांग, त्या नावान हाक नको मारू. एका नावाचे दोघं हायेत. दोघं येतील."

मला भुताखेतांचा निवाडा करायचा नव्हता, मला आनंदी टेबलावर हवी होती. मी म्हटलं, "हे तूच तिला सांग. उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर चल."

मंगळवारी ड्युटी संपवून आम्ही ट्रॅमने लालबागला गेलो. परबांची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. दिवेलागण व्हायला आली होती. दाराशी आनंदीचा नवरा दत्ताराम उभा होता, गिरणीत मागावर काम करणारा साचेवाला आणि मोर्चातला पुढचा माणूस. फिलोमेनाच्या गळ्यातली क्रूसाची माळ पाहून त्याने आम्ही मिशनच्या हे ओळखलं.

"आलात? मुंबई घ्यायला निघालेत ते निघालेत, आता पोरंपण घेतात. आणि तुम्ही हो बाई, आमच्यातल्या ना? यांच्याकडे काय करता?"

आमच्यातल्या म्हणजे कुणातल्या, हे मी विचारलं नाही. वर्ष-दोन वर्षांपूर्वी याच गॅलरीत मला पाणी कसं मिळालं असतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "मुंबई तुम्ही भांडून घ्या, दत्ताराम. बाळंतीण मला द्या."

"उद्या चाळीतले पन्नास जण घेऊन येईन तुमच्या दारात!"

"दत्ताराम," आतून म्हातारीचा आवाज आला, "तोंड आवर. बायलमाणसांक भितर येवंदे."

सासू जमिनीवर पाय पसरून बसली होती. आनंदी उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून. फिलोमेनाने मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, स्वतःच्या मुलासकट. सबब एकही दिली नाही. दत्ताराम मध्येच ओरडला, "कोणाला विचारून?" तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मरनाऱ्याच्या तोंडात पानी घालतांना तुमी कोनाला विचारतां?"

म्हातारीने पाय आवरून घेतले. मग तिने विचारलं, "पाणी खयचा होता?"

"नलाचा."

"थंड?"

"नाय. कोमट. पोर गारठलेला."

म्हातारीने मान हलवली. "मगे बरा," ती म्हणाली. दत्ताराम दारातून बाजूला झाला. वर्तमानपत्रांतले इतके वाद मी वाचले, पण पाणी कोमट होतं की थंड हे त्यात कुणी विचारलेलं आठवत नाही.

आनंदीने दिवा लावला. पुढचं मी जसं ऐकलं तसं लिहिते, त्याचा अर्थ लावणं माझं काम नाही. चाळीत त्या वेळी कालवा असतो, नळावरची भांडी, पोरं, रेडिओ. तो होताच. पण दारासमोरच्या तेवढ्या हातभर जागेत तो पोचत नव्हता. कानांना दडे बसल्यासारखं वाटलं. आणि तिथून, जमिनीपासून फार वर नाही, आवाज आला. एक लांब, मग अडखळणं, मग दोन तोकडे. मी दत्तारामकडे पाहिलं. त्याने भिंतीला हात लावला होता आणि तो उंबऱ्याकडे बघत नव्हता.

"काय नाव म्हणालंस?" आनंदीने विचारलं.

"नको हाक मारू गो," फिलोमेना म्हणाली. "मी सांगितला ना, दोघं हायेत."

"माका एकच होयो. दुसरो तुझो. तो तू घे."

फिलोमेनाने गळ्यातली माळ मुठीत धरली. मग तिने नाव सांगितलं.

आनंदी उंबऱ्याशी गेली, जड अंगाने खाली बसली आणि शेजारच्या पोराला जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "जुझे, ये रे बाबा. घरात ये."

कण्हणं थांबलं. दिव्याची ज्योत हलली नाही, वारा आला नाही. नळावरची भांडी एकदम मोठ्याने ऐकू यायला लागली, एवढंच. आनंदीने पोटावर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा मी नववा महिना लागलेल्या बाईचा असावा तसा पाहिला, दमलेला आणि आपल्यातच गुंतलेला.

"उद्या येतंय, बाई," ती म्हणाली.

मला तेवढंच हवं होतं. मी उठले. फिलोमेना माझ्या आधीच गॅलरीत जाऊन उभी राहिली होती, आमच्याकडे पाठ करून. मी हाक मारली तर वळली नाही, जिन्याने उतरायला लागली. एकेक पायरी, कडेचा कठडा धरून. ट्रॅममध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. तिचा डावा हात कोपरात मुडपलेला होता. मी विचारलं, "हात दुखतोय का?" तर नाही म्हणाली. कंडक्टर जवळून गेला तेव्हा तिने पदर पुढे ओढून घेतला. गिरगावपर्यंत मी तिच्याबरोबर गेले, तिथे ती उतरली. पाऊस भुरभुरत होता. तिने छत्री उघडली ती स्वतःच्या डोक्यावर नाही, जरा डाव्या बाजूला धरली.

आनंदी बुधवारी दुपारी सासूला घेऊन नाव नोंदवायला आली, पुढच्या दाराने. पुढच्या महिन्यात बाळंत झाली. वार पुन्हा अडकली. पण या वेळी सगळी तयारी होती, नवे डॉक्टर तिथेच होते, आणि ती वाचली. मुलगी झाली, खणखणीत रडणारी. सासूने तिला उजेडात धरून बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "हां, इलो." आली नाही, आला. दत्ताराम पेढे घेऊन आला, मदरनाही दिले. कोण आलं, हे दत्तारामने आणि मदरनी एकमेकांना विचारलं नाही, आणि मीही मदरना लालबागचं काही सांगितलं नाही. दगड आले नाहीत. पुढे राज्य झालं, मुंबई मिळाली, इस्पितळ अजून चालू आहे.

त्या बाळंतपणाला फिलोमेना मात्र नव्हती. ती पुन्हा कामावर आलीच नाही. एवढी चांगली आया आम्हाला परत मिळाली नाही. तिला लालबागला मी नेलं होतं, आनंदीसाठी. एका बाईचा जीव वाचवायला दुसरीचं काय लागतं, हे आमच्या धंद्यात आधी मोजता येत नाही.

मंगळवारनंतरच्या सकाळचं सांगायचं राहिलं. ड्युटीवर जायच्या आधी मी खोताच्या वाडीत गेले. फिलोमेनाचं दार उघडं होतं. ती खिडकीपाशी बसली होती, रात्रभर तशीच बसली असावी, साडी तीच होती. डावा हात मुडपलेला.

"फिलोमेना, कामावर—" मी म्हणाले.

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हलू बोल गो. आत्ताच डोला लागलाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. मांडीवर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. तिच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. नाडी पाहिली, ठीक होती. ती माझ्याकडे बघून हसली, पहिलटकरीण हसते तशी, दमून आणि जरा मिरवत.

मी मागे सरले. चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. स्टोव्ह फार आवाज करतो, म्हणून तो पेटवला नाही. शेगडी फुलवली, दोघींचा चहा केला, आणि कप बशीवर वाजणार नाहीत असे बेताने खाली ठेवले.